गणपतीच्या भिंतीवरची खबर

शेवटचं आम्ही दोघांनी मिळून काय केलं, तर रंगाचा डबा उघडला. वैशाखातली दुपार कलली होती. वाळवी लागली की काय ते बघायला मी लाकडी कपाट फिरवून ठेवलं होतं, आणि माझ्या बायकोच्या मनात त्याच्या पाठीला रंग द्यायचं आलं. पुढच्या बाजूला नव्हे, पाठीला. जी बाजू भिंतीला चिकटून असते तिला.

डबा होडीच्या रंगाचा, नारिंगी. झाकण घट्ट बसलेलं. तिने तो दोन पायांत दाबून धरला आणि मी पेचकस घालून झाकण उचकटलं.

"कपाटाची पाठ कोण बघतलो गो?" मी विचारलं.

"भिंत बघतली."

"भिंतीक डोळे आसत?"

"तुमका आसत, तरी तुमी काय बघलात?"

आत रंगावर जाड साय धरली होती. ती आम्ही काठीने उचलून माडाच्या बुंध्याशी टाकली. तिने रंग ढवळला, वास घेतला, म्हणाली, "बरो आसा अजून. सकाळी लावया." मग चहा झाला. चहा झाल्यावर ती म्हणाली, छातीत जड वाटतंय, वायच पडते. आतल्या खोलीत जाऊन पडली. दिवा लावायची वेळ झाली तशी मी हाक मारली, परत मारली, मग आत गेलो. डॉक्टर येऊन गेला. त्याने सांगितलं ते मला आधीच कळलं होतं.

कपाट मी नंतर तसंच भिंतीला लावून टाकलं. डबा होडीवाल्याला देऊन टाकला.

मी गवंडी. चौथीपर्यंत शाळा. पुढे जन्मभर जांभ्याचे चिरे लावले, जामसंड्यात, देवगडात, कुठे कुठे. लिहायची सवय नाही, भिंत बांधायची आहे. तेव्हा एकावर एक ठेवीत जातो. लिहायला बसलो कारण आमच्या माजघरात गणपतीची एक भिंत आहे, आणि तिच्यावर हिने काढलेलं शेवटचं चित्र होतं. ह्या चतुर्थीला ते ठेवायचं की पुसायचं, ह्यावरून घरात वाद झाला. पण ही बाई कशी होती ते सांगितल्याशिवाय वाद कळायचा नाही. म्हणून आधी ती.

ती आंबोलीची. तिच्या बापाची घाटात रस्त्याकडेला टपरी, चहा आणि भाजलेलं कणीस. तिकडे पावसात महिनोन्महिने धुकं घरात येऊन बसतं. भिंतीला शेवाळ, कपड्याला बुरशी, चुलीतलं लाकूड ओलं. ती सांगायची, "आमच्याकडे सगळा एकाच रंगाचा. बस थांबली काय तेच्यातसून माणसा उतरत, लाल छत्री, पिवळो रेनकोट. माका वाटायचा, रंग बसमधून येतत." असली पोर लग्न होऊन समुद्रावर आली. इथे ऊन बघून तिला काय झालं देवाला माहीत. आमच्या घराला तेव्हा सगळीकडे पांढरा चुना. घराला चुना असतो, असंच मला वाटत होतं.

पहिल्याच वर्षी तिने पडवीला हात घातला. चुन्यात नीळ कालवली. चार घरांना पुरली असती एवढी नीळ. मी संध्याकाळी कामावरून आलो तर आई खळ्यात तुळशीपाशी डोक्याला हात लावून बसलेली.

"शिरा पडली हिच्या हातार! घर आसा की होडी?"

बघतो तर पडवी निळी कसली, काळी. आत शिरायला भीती वाटेल अशी. ही केवड्याचं मूळ ठेचून केलेला कुंचा घेऊन उभी, कोपरापर्यंत निळी. मी तोंड उघडलं.

"सुकांदे," ती म्हणाली. "मगे बोला."

नवी सून सासूसमोर नवऱ्याला असं सांगते म्हटल्यावर आई उठून आत गेली आणि भांडी आपटायला लागली. मी हात धुऊन जेवायला बसलो. दुसऱ्या दिवशी दुपारी भिंत सुकली. गवंडी असून मला तेवढं कळायला हवं होतं, चुन्यातला रंग ओला असताना गडद दिसतो आणि सुकला की उघडतो. पण एवढा उघडेल असं वाटलं नव्हतं. पडवीत आभाळ उतरलं होतं. आई बाहेर आली, खालून वर बघितलं, इकडून तिकडे बघितलं. बरं झालं असं म्हणायची तिची जातच नव्हती. म्हणाली, "थंय, वरच्या कोपऱ्यात वायच रवला." तेवढ्यावर हिने ओळखलं आणि शिडी लावली. पुढे म्हातारपणी आईने आपली खाट त्याच पडवीत घालून घेतली. आल्यागेल्याला सांगायची, "ह्या माज्या सुनेन केल्यान." जणू हिला रंग द्यायला तिनेच शिकवलं होतं.

ते "सुकांदे" मला जन्मभर पुरलं. ठेकेदाराशी भांडून आलो, सुकांदे. मुलगा दहावीत नापास झाला, मी पट्टा काढला, सुकांदे. मला राग यायचा. माणूस म्हणजे काय भिंत आहे? पण राग सुकायचा हे खरं. पोरगा पुढे मुंबईत चांगला लागला, पट्टा त्याच्या पाठीवर पडला नाही हेही खरं.

आमच्या घराचे रंग होडीवाले ठरवीत. हंगामाच्या आधी बंदरात होड्या रंगवायला काढतात. ही करवंट्या आणि डबे घेऊन तिथे हजर.

"ओ तांडेल, उरलो काय?"

"उरलो नाय, वयनी. अजून अर्धी होडी रवली आसा."

"मगे मी बसतंय."

आणि खरंच बसायची. शेवटी तो तांडेल कंटाळून तळातला रंग ओतून द्यायचा. म्हणजे ज्या वर्षी होडी हिरवी, त्या वर्षी आमच्या घरात काहीतरी हिरवं. स्वयंपाकघर पिवळं करायला घेतलं आणि मधेच रंग संपला. पुढच्या डब्यात हिरवा. माणसाने थांबावं, तोच रंग मिळवावा. हिने हिरवा लावला, आणि पिवळं संपून हिरवं सुरू होतं तिथे वरपासून खालपर्यंत बांगडे काढले, पोहत चाललेले.

मी म्हटलं, "सांधो दिसता."

"सांधो नाय, तो समुद्र."

माझ्या धंद्यात सांधा दिसला की मालक पैसे कापतो. इथे सांधा बघायला लोक यायला लागले.

न्हाणीघर आतून आमसुलाच्या आगळासारखं लाल. संडासाच्या दारावर खेकडा, नांग्या वर केलेला. पुण्याचे पाहुणे आले होते, त्यांच्यातली एक मुलगी दार उघडून किंचाळत परत आली. वासे, म्हणजे छपराची लाकडं, प्रत्येक वेगळ्या रंगाचं. खाटेवर उताणं पडलं की वर बघत किती वेळ जायचा कळत नसे. एकदा हिने गॅसची टाकी रंगवली. आंब्याची पानं, आणि तळाला कोंबड्या. नवी टाकी घेऊन आलेला माणूस जुनी उचलेना.

"आजी, ह्या आमचा नाय."

"तुमचाच. फक्त बरा दिसता."

"साहेब माका उभो करूचो नाय थंय."

"साहेबाक सांग, पैशे नको. तशेच दिलंय."

शेवटी मी रॉकेल आणि चिंधी घेऊन बसलो. तो माणूस चहा पीत बसला, आणि ही माझ्या पाठीमागे उभी राहून "पाना रवांदे, पाना बरी आसत" म्हणत होती. सगळं निघालं, कोंबड्यांचे पाय तेवढे राहिले. पुढे कधीतरी वैभववाडीहून आमच्या मुलीचा फोन, तिला तिकडेच दिली आहे. हसत हसत बोलता येईना तिला. "बाबा, तुमच्या कोंबड्यांचे पाय माज्या घराक इलेत!" फिरत फिरत ती टाकी तिच्याच स्वयंपाकघरात पोचली होती. हिला ते कळलं तेव्हा ही म्हणाली, "बघलास? लेकीक बघूक गेली."

हे सगळं मी हसण्यावारी सांगतो, पण ह्या बाईने मला काय दिलं ते मला फार उशिरा कळलं, आणि तेही सरकारी दवाखान्यात नव्हे, घरी आल्यावर. माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू होता. हळूहळू वाढतो, कळत नाही. स्वयंपाकघराच्या मागच्या दारावरून आमचं कित्येक दिवस भांडण. मी म्हणे हिरवं, ती म्हणे निळं. ऑपरेशन झालं, काळा चष्मा घालून घरी आलो. दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेलो आणि चष्मा वर केला.

"गो! दार निळा आसा!"

ती चुलीवर माशाची कढी ढवळत होती. वळलीसुद्धा नाही.

"आजच झाला काय?"

मी पाणी तसंच ठेवलं आणि घरभर फिरलो. पडवी, माजघर, न्हाणीघर, वासे. दिवसभर मी तांबडी धूळ आणि राखी सिमेंट बघायचा माणूस. संध्याकाळी ह्या घरात शिरलं की बरं वाटायचं, पण का वाटायचं ह्याचा विचार केला नव्हता. तेव्हा केला. माझ्या एवढ्याशा घरात एवढे रंग होते आणि हे सगळं कोणीतरी माझ्यासाठी, नाहीतर निदान मी असताना, करत होतं. मी परत स्वयंपाकघरात जाऊन तिच्याकडे बघत बसलो.

"काय बघतास?"

"काय नाय."

"मगे भायर बसा. कढी उतू जाता."

आता गणपतीची भिंत.

आमच्याकडे गणपती जिथे बसतो ती भिंत दर वर्षी नव्याने रंगवतात. श्रावण सरत आला की जुनं चित्र चुन्याखाली जातं आणि वर नवं येतं. बहुतेक घरांत मोर, कमळं, वेली, महाल. कोणी पेंटर बोलावतात. आमच्याकडे ही. आणि हिने मोर एकदाही काढला नाही. ती त्या वर्षात गावात झालेलं काढायची. वादळात फणस पडून गोठा मोडला त्या वर्षी मोडका गोठा, आणि गाय छपरावर उभी. गाय छपरावर गेली नव्हती, पण ही म्हणे, मनातून गेली होती. मुलीचं लग्न झालं त्या वर्षी पाहुण्यांनी भरलेली गाडी, आणि गाडीमागून धावणारा आमचा व्याही, त्याला खरंच विसरून आलो होतो. रोगामुळे सगळं बंद होतं त्या वर्षी घराघरांची दारं बंद, आणि खिडकीतून बघणारी माणसं, सगळ्यांच्या तोंडाला फडकी. खाली उंदीर. त्याच्याही तोंडाला फडकं.

पूजेला आलेले भटजी ते बघून पाटावर बसेनात.

"अहो, देवाच्या पाठीमागे हे काय? उंदराला मास्क?"

भटजींशी बोलायचं म्हणून हिने सुरुवात शुद्ध मराठीत केली. "देव वर्षातून एकदा येतो ना? मग गावात काय काय झालं ते त्याला कोणी सांगायचं?" आणि पुढे तिला राहवलं नाही. "तुमी सांगतास? तुमका दहा घरा आसत. तुमी मंत्र म्हणतास नि जातास. तेका खबर नको?"

भटजी माझ्याकडे बघायला लागले. मी भिंतीकडे बघायला लागलो. मग भटजी बसले. पूजा झाल्यावर बाहेर पडताना मात्र ते चित्रापाशी उभे राहिले आणि बोट दाखवून म्हणाले, "ह्या खिडकीतलो मी काय?" होते. शेंडीवरून ओळखू येत होते.

एका वर्षी किनाऱ्याला मोठा देवमासा लागला. मेलेला. गावच्या गाव बघायला लोटलं. हिने त्या वर्षी तो मासा काढला, भिंतीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत कमानीसारखा, खाली मधे मोकळी जागा सोडून, निळा-काळा, एक डोळा एवढा मोठा, आणि तो डोळा रडत होता असं बघणाऱ्याला वाटायचं. आमच्या घरी कधी न आलेली माणसं त्या वर्षी आली. कणकवलीहून आली, मालवणहून आली. दीड दिवसाचा गणपती गेला तरी माणसं येतच राहिली. एक बाई म्हणाली, हे पुसू नका हो, ह्याला काच लावून घ्या. दुसऱ्या श्रावणात मी बघतोय, हिने बादलीत चुना कालवला आणि डोळ्यापासूनच सुरुवात केली. शेजारीण कुंपणावरून ओरडली, "गो बाये, नको गो!"

मलाही वाईट वाटलं. म्हटलं, "एक वरीस रवांदे. वायट नाय वाटणा?"

"वाटता. पण भिंत एकच आसा. देव दर वर्सा येता. तेका तीच तीच खबर सांगूची? म्हाताऱ्या माणसासारखी?" आणि माझ्याकडे बघून हसली.

म्हणून त्या भिंतीला ती होडीचा रंग कधी लावीत नसे. तेलरंगावर चुना धरत नाही. त्या भिंतीसाठी काव, पिवडी, नीळ, काजळी. जाणारे रंग.

गेल्या चतुर्थीची खबर होती माझे डोळे. इतक्या वर्षांत तिने मला एकदाच काढलं, ते त्या वेळी. डावीकडे मी, माडाएवढा उंच, डोळ्यांवर काळा चष्मा, दोन तवे लावल्यासारखा. घरातले सगळे रंग दारांतून खिडक्यांतून निघून त्या चष्म्यात शिरताहेत. उजवीकडे उंदीर, डॉक्टरकडे असतो तसल्या अक्षरांच्या फळ्यासमोर उभा, एक डोळा हाताने झाकून. गणपती बघायला येणारा प्रत्येक माणूस आधी मला हसायचा, मग हात जोडायचा.

ती गेली त्यानंतर मी दिवा लावला की त्या चित्रापुढे बसायचो. तिने मला कसं बघितलं होतं ते तिथे होतं. माझ्याकडे दुसरं काय होतं? फोटोत ती नीट बसलेली असते, तशी ती कधी बसलीच नाही.

आषाढ गेला, श्रावण आला. भावकीतले मोठे म्हणाले, गणपती चुकवायचा नाही, साधेपणाने आणा. ठीक. पण भिंतीचं काय? मुंबईहून मुलाने फोनवर तोंड दाखवून सांगितलं, "बाबा, ता चित्र पुसू नको हां. आयेचा शेवटचा आसा." मी म्हटलं, मी कुठे पुसतोय. मलाही तेच हवं होतं. चतुर्थी जवळ आली तशी मुलगी वैभववाडीहून आली, येताना बाजारातून पडदा घेऊन. मरून रंगाचा, सोनेरी झालर. हा चित्रापुढे लावायचा, त्याच्यापुढे गणपती बसवायचा. देवाच्या पाठीमागे जुनं राहिलं असंही नको, आणि चित्रही राहील. पोरीने डोकं चालवलं होतं. आम्ही दोघांनी मिळून दोरी बांधली, पडदा सोडला.

मी मागे सरकून बघितलं. सोनेरी झालर, मरून कापड. लग्नाच्या हॉलात असतं तसं. मी तिथे नव्हतो, उंदीर नव्हता, काही नव्हतं.

"बरा दिसता मां?" मुलगी म्हणाली.

"दिसता. पण देव काय बघतलो?"

"म्हंजे?"

"तो येतलो, बसतलो, पाठी वळान बघतलो. पडदो. ह्या वर्सा ह्यांच्या घरात काय झाला? पडदो झालो?"

"बाबा, काय बोलतास! चित्र आसा मां पाठी. दिसाचा नाय, पण आसा."

"पाठी काय आसा? माजे डोळे. ती खबर तेका गेल्या वर्सा दिली तुज्या आयशीन."

तिला कळलं मी कुठे चाललोय ते. मग हळू म्हणाली, "ती खबर सांगूची देवाक? भिंतीर काढून?"

"मगे दुसरी कोणती झाली ह्या घरात?"

ती रडायला लागली. "माका तेवढाच रवला तिचा. तुमी तापण पुसतास."

"माकापण तेवढाच रवला, बाये."

मी आग्रह केला नाही. तिची आई होती, माझी बायको होती, दोघांचा हक्क सारखा. शेवटी तिनेच उठून फोनवर चित्राचे फोटो काढले, जवळून, लांबून, चष्म्याचा वेगळा, उंदराचा वेगळा, भावाला पाठवले. त्याचा फोन आला. तिने त्याला काय सांगितलं मी ऐकलं नाही, खळ्यात चुना भिजत घालत होतो. बाहेर येऊन ती म्हणाली, "दादा म्हणता, बाबांका करूक देत."

सकाळी चुना दिला. मीच दिला, तिला हात लावू दिला नाही. माझ्या तोंडापासूनच सुरुवात केली. पहिला हात मारला आणि थांबलो, कारण चित्र तसंच होतं. ओला चुना पातळ असतो, त्यातून खालचं सगळं दिसतं. पूर्ण भिंत मारून झाली तरी मी आणि उंदीर आपले पाण्याखाली असल्यासारखे उभे. मग सुकायला लागलं. आधी कडा गेल्या, मग उंदराचा फळा, मग माझे पाय. मुलगी माझ्या शेजारी येऊन बसली. आम्ही दोघांनी ते बघितलं. चष्मा सगळ्यांत शेवटी गेला, काजळी दाट होती तिथे. वाटलं होतं तसं काही मोडलं नाही आत. भिंत पांढरी झाली एवढंच, आणि आता काहीतरी करायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी मी काढायला बसलो. मुलगी म्हणाली, मी काढू का? तिचा हात आईसारखा चांगला आहे. मी नको म्हटलं. सांगायचं मला होतं.

मला एकच पद्धत माहीत. दोरी ताणून भिंतीचा मध्य काढला, वरून ओळंबा सोडला आणि त्या रेषेवर हिला उभी केली. डोकं गोल, धड सरळ. नाकाला तीनदा चुना लावून परत काढलं. लुगड्याला कोणता रंग द्यायचा कळेना. जन्मात कधी रंग निवडला नव्हता, ती असताना गरजच पडली नाही. शेवटी वाट्यांत होते तेवढे सगळे दिले, पट्ट्यापट्ट्यांनी. हातात कुंचा दिला. तो मात्र बरा जमला. खाली घर काढलं, कौलं, पडवी, खळं, सगळं मापात, माझ्या धंद्यातलं. आणि हिचे पाय घराच्या वर ठेवले, जमिनीला टेकवले नाहीत. पाय आणि कौलं ह्यांच्यात हातभर जागा सोडली. एवढंच सांगायचं होतं.

संध्याकाळी मुलगी हात पुसत आली. बघितलं. तोंडाला पदर लावला. मला वाटलं रडते, तर हसत होती.

"बाबा, ही आवस की माठ?"

"आवस. नाक बघ."

"नाक भटजींचा लागता." मग तिची नजर पायांवर गेली आणि ती हसायची थांबली. जवळ जाऊन तिने त्या मोकळ्या जागेवर बोट ठेवलं, रंग लागू नये असं. म्हणाली, "बरी आसा." आणि मग, "पण बाबा, देव खंय बसतलो?"

"हंयच. मधी."

"मगे आवस खंय दिसतली?"

मी बघितलं. पाट खाली मधोमध. वर वाशांना माटवी टांगायचे आकडे, मधोमध. माटवी म्हणजे गणपतीच्या डोक्यावरची लाकडी चौकट, रानातली फळं-फुलं बांधतात ती. आणि ही भिंतीवर मधोमध, ओळंब्यात. गणपती बसला की डोक्याचा गोल आणि कुंच्याचं टोक एवढंच दिसणार होतं. ती जन्मभर मधली जागा मोकळी का सोडायची ते मला तेव्हा कळलं. भिंती बांधून म्हातारा झालेला माणूस, आणि भिंतीपुढे कोण बसणार ते विसरलो.

"परत चुनो काढू?" मुलगी म्हणाली. "अजून दोन दिवस आसत. वायच बाजूक काढा."

मी नाही म्हटलं. एकदा तिच्या हातच्या चित्रावर चुना मारला होता. परत मारणार नव्हतो. आम्ही जेवलो.

सकाळी पेज व्हायच्या आधी मी शिडी लावली. माटवीचे आकडे माझ्या बापाने ठोकलेले, मध्य धरून, गंजून लाकडात रुतलेले. पकडीने एकेक उपटला. भोकांत लाकडाच्या खुंट्या मारल्या. मग दोन हात डावीकडे माप घेतलं, ओळंबा सोडला, आणि त्याच्या खाली पायाने देवाचा पाट सरकवून घेतला. मुलगी शिडी धरून उभी होती.

"बाबा, भटजी काय म्हणतले?"

"म्हणांदेत," मी म्हटलं. "हातोडो दी."

आणि आकडे नव्या जागी ठोकले.